आजोबांचं जहाज कोणतं? नौदलातल्या पूर्वजाचा शोध

कोकणातल्या आणि मुंबईतल्या पुष्कळ मराठी घरांत पांढऱ्या गणवेशातला एक जुना फोटो असतो. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, डोक्यावर कॅप, मागे जहाजाचा कठडा. ‘आजोबा नेव्हीत ऑफिसर होते,’ एवढंच नातवंडांना ठाऊक असतं. ते भरती कधी झाले, कोणकोणत्या जहाजांवर होते, युद्ध त्यांनी पाहिलं का, आजी एकटीने संसार ओढत होती तेव्हा ते नेमके कुठे होते, हे सांगणारं माणूस घरात उरलेलं नसतं.

ही माहिती मिळू शकते. नौदलात अधिकाऱ्याची प्रत्येक नेमणूक, बढती आणि प्रशिक्षण कागदावर येतं आणि जहाजाच्या लॉगबुकात रोजच्या रोज नोंदी होतात. अडचण येते ती सुरुवात कुठून करायची याची. बहुतेक जण इंटरनेटवर आजोबांचं नाव टाकतात आणि हिरमुसतात. नौदलाच्या कागदांत माणूस आद्याक्षरं आणि आडनावानेच वावरतो, त्यामुळे एकाच नावाचे अनेक जण निघतात. म्हणून माझा आग्रह असा: आधी आजोबांची सेवा नेमकी कोणती ते ओळखा, मग त्यांची जहाजं शोधा आणि जहाजांच्या इतिहासात आपला माणूस वाचा.

ट्रंक, पासबुक, लग्नपत्रिका

पहिला शोध घरातच घ्यायचा. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर रंगवलेला असतो. तो नंबर जसाच्या तसा उतरवून घ्या. अधिकाऱ्याच्या नंबरात आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असलं तर तेही सोडू नका. पुढचा सगळा पत्रव्यवहार याच नंबरावर चालणार आहे. आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, घरात किंवा बँकेत सापडेल. तिच्यावर नंबर, हुद्दा आणि सेवेचा काळ असतो. कॅन्टीन कार्ड, माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेचं कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र हेही तपासा.

जुनी पत्रं रद्दीत घालू नका. पाकिटावरचं जहाजाचं नाव, फ्लीट मेल ऑफिसचा शिक्का आणि तारीख एवढ्यावरून नेमणुकीचा एक टप्पा पक्का होतो. लग्नपत्रिकेत नावाआधी छापलेला ‘लेफ्टनंट’ त्या दिवशीचा हुद्दा सांगतो. काका-आत्यांचे जन्मदाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले एकापुढे एक मांडले तर मुंबई, कोची, जामनगर, विशाखापट्टणम अशी बदल्यांची साखळी आपोआप तयार होते. हा पुरावा फार थोडे लोक वापरतात, पण तो खात्रीचा असतो. नशीब असेल तर मिडशिपमन असतानाचं जर्नलही हाती लागेल. प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला ही वही नियमित लिहावी लागे. तीत जहाजाचा प्रवास, बंदरं, नकाशे आणि हाताने काढलेली रेखाटनं असतात.

घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर त्यातली नोंद पाहा. मात्र कुलवृत्तांतातली माहिती बहुधा नातेवाइकांनीच कळवलेली असते. तिला सुगावा माना, पुरावा मानू नका.

मग वडीलधाऱ्यांशी बोला. ‘आजोबा काय करायचे?’ असं विचारलं तर ‘नेव्हीत होते’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी आत्याला विचारा, ‘तू शाळेत गेलीस तेव्हा क्वार्टर कुठे होतं? शेजारी कोण होतं? बाबा सर्वांत जास्त दिवस घराबाहेर कधी राहिले? परत येताना काय आणलं?’ बाईमाणसांच्या आठवणीत घर, शेजार आणि बाळंतपणं यांच्या तारखा पक्क्या असतात. शेजारचं कुटुंब त्याच जहाजावरच्या अधिकाऱ्याचं असण्याची शक्यता मोठी असते.

हे सगळं एका वहीत चार रकान्यांत लिहा: साल, ठिकाण, जहाज किंवा नाविक तळ आणि पुरावा. चौथा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. पुरावा ‘आत्याने सांगितलं’ एवढाच असेल तर तेच लिहा.

कोणती ‘नेव्ही’?

आपल्याकडे मालवाहू आणि प्रवासी बोटींवर काम करणारा माणूसही ‘नेव्हीत’ असतो. मर्चंट नेव्हीच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरही सोनेरी पट्ट्या असतात, त्यामुळे फोटोवरून फसगत होते. घरात सीडीसी, म्हणजे खलाशी ज्याला ‘नली’ म्हणतात तो दाखला, सापडला किंवा बोलण्यात सिंधिया या जहाज कंपनीचं नाव आलं, तर शोधाची दिशाच बदलते. मग कंपनीची कागदपत्रं आणि मुंबईचं शिपिंग मास्टरचं कार्यालय महत्त्वाचं ठरतं. ‘डफरिनवर शिकले’ असं घरात म्हणत असतील तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवा. १९२७ पासून मुंबई बंदरात असलेलं ‘डफरिन’ हे मर्चंट नेव्हीचं प्रशिक्षण जहाज होतं, पण त्यातले अनेक कॅडेट नौदलात गेले. नौदलप्रमुख झालेले पहिले भारतीय, व्हाइस अॅडमिरल रामदास कटारी, डफरिनचेच.

माणूस नौदलातलाच होता असं ठरलं की काळ पाहा, कारण काळाप्रमाणे सेवेचं नाव बदलत गेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे मरीन १८३० मध्ये इंडियन नेव्ही झाली. ती १८६३ मध्ये मोडली आणि पुन्हा बॉम्बे मरीन हे नाव आलं. १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन, २ ऑक्टोबर १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल. शोधपेटीत चुकीचं नाव घातलं तर योग्य कागद समोर असूनही सापडत नाही.

इथे एक अवघड गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रॉयल इंडियन मरीनमध्ये कमिशन मिळवणारे पहिले भारतीय म्हणजे डी. एन. मुखर्जी, आणि तेही इंजिनिअर शाखेत, १९२८ मध्ये. तेव्हा पणजोबा पहिल्या महायुद्धात नौदलात अधिकारी होते असं घरात सांगत असतील, तर ते सारंग, तांडेल, सुकाणी किंवा कारकून असण्याचा संभव अधिक. रॉयल इंडियन मरीनची खलाशी भरती मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होई आणि त्यात कोकणी मुसलमान कुटुंबांचा वाटा मोठा होता. सारंगाच्या शब्दावर सारे खलाशी हलत. त्याचं खरं पद लिहिल्याने घराण्याची शान कमी होत नाही. खोटं पद लिहिलं तर मात्र त्याची खरी नोंद कायमची हरवते.

दुसऱ्या महायुद्धात शिरलेल्यांच्या बाबतीत आणखी एक फरक लक्षात ठेवा. नियमित रॉयल इंडियन नेव्हीशिवाय दोन राखीव दलं होती. व्यापारी बोटींवरचे अनुभवी अधिकारी रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्हमध्ये आले, तर वकील, शिक्षक, नुकतेच पदवीधर झालेले तरुण असे समुद्राशी संबंध नसलेले लोक रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटिअर रिझर्व्हमध्ये. युद्ध संपल्यावर यांतले कित्येक जण आपापल्या जुन्या व्यवसायात परतले. आजोबांची नौदलातली वर्षं मोजकीच निघाली तर आश्चर्य वाटायला नको.

घराणं आंग्र्यांच्या किंवा पेशव्यांच्या आरमारापर्यंत नातं सांगत असेल तर वाट पुण्याच्या पेशवे दप्तराकडे आणि मोडी वाचकाकडे जाते. गोव्यातल्या कुटुंबांनी पोर्तुगीज सेवेची शक्यता धरून पणजीचं पुराभिलेखागार पाहावं.

फोटो आणि पदकं वाचायची रीत

फोटो भिंगाखाली धरा. दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट, दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक पट्टी म्हणजे लेफ्टनंट कमांडर, तीन म्हणजे कमांडर, चार म्हणजे कॅप्टन. महायुद्धाच्या काळातला फोटो असेल तर पट्टीचा आकारही बोलतो. सरळ पट्टी नियमित अधिकाऱ्याची, एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्या रिझर्व्हच्या, नागमोडी पट्ट्या व्हॉलंटिअर रिझर्व्हच्या. त्या काळी पट्ट्यांमध्ये रंगीत कापड असे: जांभळं इंजिनिअरचं, पांढरं पुरवठा आणि हिशेब शाखेचं, लाल डॉक्टरचं. कृष्णधवल फोटोत रंग दिसत नाही, पण पट्ट्यांमधली फिकी किंवा गडद जागा दिसते. कॅपच्या बिल्ल्यावर मुकुट असेल तर फोटो जानेवारी १९५० च्या आधीचा आणि अशोकस्तंभावरचे सिंह असतील तर नंतरचा.

पदकं हा रणांगणाचा नकाशाच असतो. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, अटलांटिक स्टार ही पदकं माणूस कोणत्या समुद्रावर होता ते सांगतात. स्वातंत्र्यानंतरच्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’ अशी आडवी पट्टी असेल तर तो गोवा मुक्तीच्या कारवाईत होता. १९६५ चं समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार असंच बोलतात. भारतीय पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पदक घासून चकाकवू नका, ती अक्षरं झिजतात.

सेवेची नोंद कशी मिळवायची

अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे आणि खलाशांच्या मुंबईत मानखुर्दच्या चीता कँपमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. निवृत्तिवेतनाचं नौदल कार्यालयही मानखुर्दलाच आहे. सुरुवात मात्र आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयापासून केलेली बरी. अर्ज कुणाच्या नावे करायचा आणि कोणती कागदपत्रं जोडायची, हे तिथले निवृत्त सैनिक नीट समजावून सांगतात.

अर्ज शक्यतो सर्वांत जवळच्या वारसाने करावा, म्हणजे आजीने, नसेल तर मुलाने किंवा मुलीने. त्यात सेवेतलं नाव इंग्रजी स्पेलिंगसह, नंबर, हुद्दा, शाखा, भरती आणि निवृत्तीचं साल, मृत्यूचा दाखला आणि नातं सिद्ध करणारा कागद द्यावा. मागणी नेमकी असावी: ‘नेमणुकांची तारीखवार यादी, बढत्यांच्या तारखा आणि मिळालेली पदकं.’ ‘सर्व माहिती द्यावी’ अशा अर्जाला उत्तर देणं कुणालाच सोपं नसतं. माहिती अधिकाराचा मार्ग आहे, पण व्यक्तिगत माहिती म्हणून तो अर्ज नाकारला जाऊ शकतो, तेव्हा वारस म्हणून केलेला साधा अर्ज आधी.

उत्तराची वाट पाहताना हातावर हात ठेवून बसू नका. भारताच्या राजपत्रात संरक्षण मंत्रालयाच्या अधिसूचनांचा स्वतंत्र भाग असे आणि त्यात अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, निवृत्ती छापली जाई. जुन्या राजपत्रांचे बरेच अंक आता संगणकावर पाहता येतात. शौर्यपदकांसाठी केंद्र सरकारचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे. १९४७ पूर्वीच्या सन्मानांसाठी लंडन गॅझेट विनाशुल्क शोधता येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. मुंबई सरकारच्या मरीन खात्याची जुनी दप्तरं फोर्टमधल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात आहेत. कंपनी आणि ब्रिटिश राजवटीच्या आरमाराच्या कागदांचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. नात्यातलं कुणी लंडनला असेल तर त्यांच्याकडे नेमका संदर्भ क्रमांक देऊन काम सोपवा.

शोधताना आडनावाची सगळी इंग्रजी स्पेलिंगं वापरा. ‘कुळकर्णी’ आणि ‘कुलकर्णी’ हा फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो, यादीत मात्र तो दोन वेगळ्या पानांवर जातो. कोकणातल्या अनेकांनी गावाचं आडनाव सोडून वडिलांचं नाव लावलेलं असतं, तेही आजमावून पाहा.

जहाजाच्या इतिहासात माणूस वाचणं

नेमणुकांची यादी हाती आली की लोकांना वाटतं काम संपलं. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. समजा, यादीत एवढीच ओळ आहे: ‘जमना, १९४३.’ हे वाचून काहीच कळत नाही. पण जहाजाचा इतिहास उघडला की दिसतं, ‘जमना’ आणि ‘सतलज’ ही रॉयल इंडियन नेव्हीची दोन जहाजं जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या सैन्याच्या उतरणीला विमानविरोधी संरक्षण देत होती. ट्रंकेतल्या इटली स्टारचा उलगडा इथे होतो. त्या उन्हाळ्यात आजीला पत्र का आलं नाही, याचाही अंदाज बांधता येतो. तशीच ओळ ‘इंडस, १९४२’ अशी असेल तर ते जहाज एप्रिल १९४२ मध्ये अराकानच्या किनाऱ्यावर अक्याबजवळ जपानी विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडालं, हे कळल्यावर आजोबा वाचले तरी कसे, हा प्रश्न समोर उभा राहतो.

यासाठी वाचायची पुस्तकं ठरलेली आहेत. १८६३ पर्यंतच्या काळासाठी चार्ल्स रॅथबोन लो यांचा १८७७ मध्ये निघालेला दोन खंडांचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धासाठी कॉलिन्स यांनी लिहिलेला, १९६४ मध्ये प्रकाशित झालेला रॉयल इंडियन नेव्हीचा अधिकृत इतिहास. १९४५ ते १९६५ साठी रिअर अॅडमिरल सत्येंद्र सिंह यांची दोन पुस्तकं आणि त्यापुढच्या काळासाठी व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांचे खंड. यांत आजोबांचं नाव नसलं तरी त्यांचं जहाज असतं.

दोन सापळे टाळा. पहिला, प्रत्येक नाव जहाजाचं नसतं. किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखीच नावं देतात. ‘डलहौसी’ म्हणजे मुंबईतली कॅसल बॅरॅक्स, तिचंच १९५१ मध्ये ‘आंग्रे’ झालं. १९४६ चं ‘तलवार’ म्हणजे कुलाब्यातली संदेशवहनाची शाळा, ‘अकबर’ ठाण्याजवळच्या कोलशेतला, ‘शिवाजी’ लोणावळ्याला, ‘वलसुरा’ जामनगरला. आजोबा ‘शिवाजी’वर दोन वर्षं होते म्हणजे ते घाटमाथ्यावर इंजिनिअरिंग शिकत किंवा शिकवत होते. दुसरा सापळा, नावं पुन्हा वापरली जातात. ‘दिल्ली’, ‘विक्रांत’, ‘खुकरी’, ‘तलवार’ या नावांची एकाहून अधिक जहाजं झाली. म्हणून जहाज नेहमी सालासकट लिहा.

जिथे जाता येईल तिथे जा. मुंबईची मेरीटाइम हिस्ट्री सोसायटी व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सागरी इतिहासाची जाण असलेली माणसं तिथे भेटतात. पूर्वज नौदलाच्या विमानदलात असेल तर गोव्यातलं नौदल विमान संग्रहालय अवश्य पाहा. तो ज्या प्रकारच्या विमानात बसला ते डोळ्यांसमोर आलं की कागदावरच्या नोंदीला वजन येतं.

हरवलेली आणि न बोललेली माणसं

काही घरांत माणूस परतलाच नाही. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. समुद्रात गेलेल्यांना कबर नसते. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात पहिल्या महायुद्धात गेलेल्या रॉयल इंडियन मरीनच्या आणि व्यापारी बोटींवरच्या दोन हजारांहून अधिक नाविकांची स्मृती जपली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नाविकांची नावंही मुंबईत आणि चितगावला नोंदलेली आहेत. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली, तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. त्यांचं स्मारक दीवला आहे.

काही घरांत माणूस परतला, पण बोलला नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’पासून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावात भाग घेतलेल्या अनेकांना सेवेतून काढून टाकलं. त्यांची निवृत्तिवेतनाची नोंद मिळणार नाही, पण पुढे त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली असेल तर सन्मान निवृत्तिवेतनाच्या अर्जात सगळी हकिगत सापडते. याच काळात अधिकारी असलेल्यांची कोंडी वेगळी होती, एकीकडे शिस्त आणि दुसरीकडे देश. त्यावर आजच्या घडीला बसून निवाडा देऊ नका.

फाळणीतही नौदल वाटलं गेलं. ‘सतलज’, ‘जमना’, ‘कृष्णा’, ‘कावेरी’ भारताकडे आली, ‘नर्मदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानकडे गेली. कोकणातल्या काही कुटुंबांचे भाऊ दोन नौदलांत विभागले गेले. १९४७ नंतर कागद अचानक थांबला तर कराचीतल्या नातेवाइकांना विचारा.

लिहून ठेवताना

शेवटी जे लिहाल त्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: कागदाने सिद्ध झालेलं, घरच्यांनी सांगितलेलं आणि तुमचा तर्क. वीरकथा करण्याचा मोह आवरा. पुरवठा शाखेतला अधिकारी महिनोन् महिने पाणी, पीठ, तेल आणि पगाराचा हिशेब सांभाळत होता म्हणून जहाज समुद्रावर राहिलं, हीही सेवाच आहे. आजीचं आयुष्यही याच इतिहासात लिहा. तिने एकटीने केलेली बदलीची बांधाबांध, मुलांच्या शाळा, सासरच्या माणसांचं आजारपण यांशिवाय नौदलातल्या अधिकाऱ्याचं चरित्र पुरं होत नाही. लिखाणाची एक प्रत घरातल्या प्रत्येक शाखेला आणि एक एखाद्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्या. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा.

आणि या सगळ्यात क्रम चुकवू नका. दप्तरांतले कागद आणखी काही वर्षं तिथेच राहतील. गोवा मुक्तीच्या वेळी विशीत असलेले अधिकारी मात्र आज ऐंशीच्या पुढे आहेत. १९७१ मध्ये सब-लेफ्टनंट असलेले पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. आजोबांच्या तुकडीतले, त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यांच्या शेजारी राहिलेले लोक यांतच आहेत. तेव्हा अर्ज, राजपत्र आणि पुस्तकं पुढच्या महिन्यात. या आठवड्यात आत्याला फोन करा, शेजारच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाचं नाव विचारून घ्या आणि त्यांना गाठा.